सर्वांसाठी पाच लाखांचे आरोग्य संरक्षण: पैसा कोणी आणि कोणत्या वाटेने द्यायचा?

प्रश्नकर्ते पुण्यात नोकरी करतात. त्यांच्याकडे पांढरी शिधापत्रिका आहे, ते प्राप्तिकर भरतात आणि कंपनीच्या गटविम्याखेरीज कुटुंबासाठी स्वतंत्र पॉलिसीही चालवतात. रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलणारी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आणि प्रतिकुटुंब वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. त्यावर त्यांनी विचारले आहे की हा पैसा अखेर करदात्यांच्याच खिशातून जाणार ना. मग ज्यांना परवडते त्यांच्याकडून वर्षाला दोन-तीन हजारांचा हप्ता सरळ का घेऊ नये. आणि सरकार पाच लाख देणारच असेल तर आपण आपली पॉलिसी बंद करावी का. मी सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपनीत आरोग्यविम्याचे दावे पाहण्यात बरीच वर्षे घालवली आणि पुढे शासकीय योजनांच्या निविदा व पॅकेज दरांच्या कामात सल्लागार म्हणून वावरलो. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात: पैसा कोणाचा, तो गोळा कसा करायचा, आणि त्यातून काय विकत घ्यायचे. चर्चा बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नावरच अडकते. माझ्या मते तो या तिघांतला सर्वांत सोपा प्रश्न आहे आणि खरा पेच तिसऱ्यात आहे. परंतु प्रश्नकर्त्यांनी पहिले दोन विचारले आहेत, म्हणून सुरुवात तिथून करतो.

तुम्ही भरता तो प्राप्तिकर केंद्राच्या तिजोरीत जातो आणि त्यातला ठरावीक वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांकडे येतो. फुले योजनेचा मोठा भार मात्र राज्य उचलते. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या निकषांत बसणाऱ्या कुटुंबांपुरता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. राज्याचे स्वतःचे उत्पन्न येते ते वस्तू व सेवा करातून, पेट्रोल-डिझेल आणि मद्यावरील करांतून, मुद्रांक शुल्कातून. मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरणारा गवंडी हा त्या अर्थाने राज्याचा रोजचा करदाता आहे. ‘आम्ही भरतो आणि ते घेतात’ ही मांडणी म्हणूनच अर्धीच खरी ठरते. शिवाय जुन्या करप्रणालीत स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, ती म्हणजे सरकारने सोडून दिलेला करच होय. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. खाजगी विम्यालाही सरकारी टेकू आहेच; तो योजनेच्या नावाने जाहीर होत नाही एवढेच.

पांढऱ्या शिधापत्रिकेबद्दलही थोडे स्पष्ट करायला हवे. महाराष्ट्रात ही पत्रिका वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा अधिक असलेल्या कुटुंबांना मिळते. एक लाख म्हणजे महिन्याला साधारण ८,३०० रुपये. सोसायटीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक, दुकानातला नोकर, छोटा रिक्षाचालक आणि आयटी कंपनीतला व्यवस्थापक या सर्वांची पत्रिका एकाच रंगाची असू शकते. पांढरी पत्रिका म्हणजे परवडणारा वर्ग असे समजून हप्ता लावला, तर ज्यांच्यासाठी योजना वाढवली त्यांतलेच बरेच जण बाहेर राहतील. उत्पन्न तपासून हप्ता लावायचा म्हटले तर तहसीलदाराचा दाखला आला, त्याच्या रांगा आल्या आणि त्याभोवतीचे दलालही आले.

आता हप्ता गोळा करण्याचा प्रश्न. ऐच्छिक हप्त्यावर सार्वत्रिक विमा चालत नाही, आणि यामागे कोणाचाही वाईट हेतू असावा लागत नाही. हिशेब कल्पित आकड्यांनी मांडून पाहू. समजा १०० कुटुंबे आहेत, त्यांत वर्षाला सहा जण रुग्णालयात दाखल होतात आणि प्रत्येकाचा खर्च २५,००० रुपये येतो. एकूण दीड लाख. प्रत्येक कुटुंबाकडून १,५०० रुपये घेतले की उपचारांचा खर्च भागतो. यातली ४० तरुण, धडधाकट कुटुंबे म्हणतात, आम्हाला गरज नाही. आजारी पडण्याची शक्यता असलेली सहाही कुटुंबे उरलेल्या ६० मध्येच राहतात, आणि हप्ता २,५०० रुपयांवर जातो. तो वाढला म्हणून आणखी २० बाहेर पडतात. त्यांच्यासोबत एखादा रुग्ण गेला असे धरले तरी ४० कुटुंबांवर सव्वा लाखाचा भार पडतो, म्हणजे ३,१२५ रुपये. पुढच्या वर्षी काय होईल हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. याच कारणाने खाजगी विमा कंपन्या प्रवेशाच्या वेळी वय विचारतात, तपासण्या मागतात आणि प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्यात दावा करता येत नाही अशी मुदत, लावतात. सर्वांसाठी असलेल्या योजनेला असे काहीच करता येत नाही.

थायलंडने हा अनुभव घेतला आहे. तिथे १९८० च्या दशकात ग्रामीण कुटुंबांसाठी ऐच्छिक आरोग्यपत्रिका सुरू झाली. कुटुंबाने ५०० बाट (तिथले चलन) भरायचे आणि पुढे सरकारनेही त्यात भर घालायची, अशी रचना होती. आजारी माणूस असलेली घरे पत्रिका घेत राहिली, इतर घरे गळत गेली. अखेर २००१-०२ मध्ये त्या देशाने करांच्या पैशातून सर्वांना सामावून घेणारी योजना आणली. एका भेटीला जास्तीत जास्त ३० बाट आकारायचे, हे त्या योजनेचे सर्वांत गाजलेले वैशिष्ट्य होते आणि खर्चाच्या दृष्टीने सर्वांत किरकोळही तेच होते. तिचा कणा वेगळा होता. नोंदणी झालेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम स्थानिक रुग्णालयाच्या जाळ्याला दिली जाई आणि पहिली तपासणी तिथेच करावी लागे.

आपल्याकडेही हप्त्याचे प्रयोग झाले आहेत. गोव्याने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली; किमान पाच वर्षे राज्यात राहणारे कुटुंब, मग ते श्रीमंत असो वा गरीब, त्यात येऊ शकत होते. लहान कुटुंबाला २०० आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला ३०० रुपये असे वार्षिक नोंदणी शुल्क होते, आणि संरक्षण अनुक्रमे अडीच व चार लाखांचे. दोनशे रुपयांत अडीच लाखांचे संरक्षण उभे राहत नाही हे उघड आहे. ते शुल्क नोंदणीला थोडे गांभीर्य यावे एवढ्यापुरते होते, बाकी पैसा राज्याच्या तिजोरीतून गेला. राजस्थानने २०२१ च्या चिरंजीवी योजनेत जी कुटुंबे मोफत गटात नव्हती त्यांच्याकडून वर्षाला ८५० रुपये घेतले, पण ती रक्कमही खऱ्या हप्त्याच्या साधारण निम्मीच होती. छोट्या, एकसंध राज्यात असे शुल्क चालू शकते, हे मान्य करतो. नंदुरबार ते गडचिरोली एवढ्या पसाऱ्यात ते गोळा करणे, नूतनीकरणाची आठवण देणे आणि न भरणाऱ्याला ऐन हृदयविकाराच्या झटक्यात परत पाठवणे या तिन्ही गोष्टी निभावणारी यंत्रणा उभी करायला लागणारा पैसा मोजला, तर हाती फारसे काही उरणार नाही.

ऐच्छिक नको तर सक्तीचे का नाही, हा पुढचा रास्त प्रश्न. जर्मनीत १८८३ पासून पगारातून वर्गणी कापली जाते. आज मूळ दर १४.६ टक्के आहे, त्यात मालक व कामगार यांचा वाटा निम्मा-निम्मा असतो आणि वर प्रत्येक निधीची अतिरिक्त वर्गणी असते. आपल्याकडे त्याच धर्तीवर कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ पासून चालते. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. अडचण अशी की पगारातून कापायचे तर आधी पगारपत्रक असावे लागते. २०२३-२४ च्या केंद्रीय श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातील कामकऱ्यांपैकी नियमित वेतनावरचे सुमारे २२ टक्केच होते. सुमारे ५८ टक्के स्वयंरोजगारात होते आणि उरलेले रोजंदारीवर. ऊसतोड मजुराची वर्गणी कोणी कापायची? मुकादमाने? साखर कारखान्याने? त्याने आगाऊ घेतलेल्या उचलीतून कापली तर ती अखेर कर्जातच मिळवली जाईल.

पगारदारांकडून मात्र वसुली करता येते आणि महाराष्ट्राने ती पूर्वी केलेली आहे. तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या हक्काच्या कामासाठी पैसे द्यावेत, ही कल्पना या राज्याने देशात फार आधी स्वीकारली. ‘दुसऱ्यासाठी मी का भरू’ या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने तेव्हाच दिले आहे, असे मी मानतो. आरोग्यासाठी हीच वाट धरावी असे मात्र सहज म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि ती १९८८ पासून बदललेली नाही. म्हणजे महिना २०,००० कमावणारा आणि महिना पाच लाख कमावणारा दोघेही सारखेच देतात. आरोग्यासाठी तो वाढवायचा झाला तर घटनादुरुस्ती लागेल.

दुसरी वाट उपकराची, म्हणजे करावर लावलेल्या जादा कराची. केंद्र २०१८ पासून प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेते. उपकराचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. त्यामुळे केंद्राला तो सोयीचा वाटतो आणि राज्ये त्यावर नाराज असतात. मार्च २०२१ मध्ये त्यातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी निर्माण झाला. विशिष्ट कामासाठी राखलेल्या कराविषयी माझे मत थोडे साशंक आहे. असा कर आला की अर्थखाते मूळ तरतुदीतून तेवढीच रक्कम हळूच काढून घेऊ शकते आणि एकूण बेरीज जिथल्या तिथे राहते. नियोजन आयोगाने नेमलेल्या, डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटानेही २०११ मध्ये सर्वसाधारण कर हाच मुख्य स्रोत असावा, जोडीला पगारदार व करदात्यांकडून सक्तीची कपात असावी आणि रुग्णाकडून शुल्क घेऊ नये, असे सुचवले होते. माझे मतही त्याच बाजूला झुकते. ज्याला परवडते त्याच्याकडून जरूर जास्त घ्या, पण ते करांतून घ्या. रुग्णालयाच्या दारात किंवा नोंदणीच्या खिडकीवर घेऊ नका.

‘फुकट दिले की लोक उगाच वापरतात’ हा आक्षेप हमखास येतो. ताप-खोकल्याच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य असेल. पण फुकट आहे म्हणून कोणी हृदयाची बायपास करून घेत नाही. अनावश्यक वापर बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने होतो. जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात, २०१२ च्या सुमारास, छत्तीसगड व बिहारमध्ये अनावश्यक गर्भाशय काढण्याची प्रकरणे उघडकीस आली. त्या स्त्रियांकडून ५०० रुपये हप्ता घेतला असता तर ते थांबले नसते. तिथे पूर्वमान्यतेच्या, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीच्या, वेळी प्रश्न विचारणारा माणूस आणि नंतर कागदपत्रे तपासणारा डॉक्टर हवा होता. ज्यांचा असा गैरवापर होऊ शकतो ते उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवण्याचा उपायही परिणामकारक ठरतो.

आता तिसरा प्रश्न. मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते इथेच आहे. सरकार किंवा विमा कंपनी रुग्णालयाला प्रत्येक उपचारासाठी ठरलेले पॅकेज देते. त्यात खाट, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, जेवण आणि परतीचा प्रवास सारे धरलेले असते. हा दर प्रत्यक्ष खर्चाच्या खाली राहिला किंवा वर्षानुवर्षे सुधारला नाही, तर अर्थसंकल्पात योजना स्वस्त दिसते. पण खर्च नाहीसा होत नाही, तो सरकतो. रुग्णालय तीनपैकी काहीतरी एक करते: अंगीकरणच, म्हणजे योजनेच्या यादीतले आपले स्थानच, सोडून देते, किंवा ज्या पॅकेजांत भागते तेवढेच रुग्ण घेते आणि बाकीच्यांना ‘सध्या खाट नाही’ असे सांगते, किंवा कॅशलेस दाखल करूनही नातेवाइकाला बाहेरून इंजेक्शन, इम्प्लांटमधला ‘फरक’, रक्ताच्या पिशवीचे पैसे आणायला लावते. हा तिसरा प्रकार मी दाव्यांच्या कागदांत फार वेळा पाहिला आहे, किंवा खरे तर पाहू शकलो नाही, कारण तो कागदावर येतच नाही. दावा नियमानुसार असतो, मंजूर होतो, आणि वरचे पैसे रुग्णाच्या घरून गेलेले असतात. पूर्वमान्यतेच्या अर्जावर सही करणाऱ्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी नेमलेल्या योजनेच्या माणसाला, ते ठाऊक असते. पण त्याची खुर्ची त्याच रुग्णालयात असते.

दर कमी ठेवणे हीसुद्धा वसुलीचीच पद्धत आहे, आणि उपलब्ध पद्धतींत ती सर्वांत अन्यायाची, कारण तिच्यात आजारी माणूसच पैसे भरतो आणि त्याची पावतीही मिळत नाही. दाव्यांचे पैसे महिनोन्महिने थकवण्याचेही तसेच. मोठे कॉर्पोरेट रुग्णालय थकबाकी सोसू शकते. तालुक्याच्या गावातले तीस खाटांचे रुग्णालय औषधविक्रेत्याला थांबवू शकत नाही, मग ते योजनेतून बाहेर पडते आणि रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी जातो. आयुष्मान भारतच्या २०२२ च्या पॅकेज यादीत शहराच्या श्रेणीनुसार दर वेगळे ठेवण्याची सोय आली ती योग्यच; पण दुर्गम भागात विशेषज्ञ नेण्याचा खर्च शहरापेक्षा अधिक असतो, हे दर ठरवणाऱ्या बैठकांत पटवून देणे कठीण जाते. जिथे अंगीकृत रुग्णालयच जवळ नाही तिथे पाच लाखांचे संरक्षण कार्डावरच राहते. अशा जिल्ह्यात तोच पैसा उपजिल्हा रुग्णालयातील भूलतज्ज्ञाच्या पगारावर खर्च केला तर त्याचा उपयोग जास्त होईल. पुणे आणि गडचिरोली यांचे उत्तर एक असू शकत नाही.

याला जोडूनच बाह्यरुग्ण खर्चाचा मुद्दा येतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून दिला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा लक्षणीय आहे. तरी उरलेल्या खर्चात औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांचा वाटा फार मोठा असतो, आणि दाखल झाल्यावरच पैसे देणारी योजना त्याला हातच लावत नाही. मधुमेह्याची गोळी तिच्यात बसत नाही. त्याच मधुमेह्याचे मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिस मात्र बसते. त्याच लेख्यांत सरकारचा आरोग्यावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के दिसतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. ही दरी भरण्यासाठी जो पैसा येईल तो आधी मोफत औषधांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर लावावा की पाच लाखांचे दहा लाख करावेत, असे विचाराल तर माझे उत्तर निःसंदिग्धपणे पहिल्याच्या बाजूने आहे. जाहिरातीत मात्र दुसरे अधिक उठून दिसते, हेही खरे.

पैसा विमा कंपनीमार्फत जावा की योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटी या शासकीय संस्थेने थेट द्यावा, या वादाला मी फार महत्त्व देत नाही. कंपनी मध्ये असली तर तिचा खर्च व नफा द्यावा लागतो आणि दावे नाकारण्याकडे तिचा कल राहतो. ती नसली तर सगळी जोखीम सरकारवर येते आणि वर्षाअखेरीस तरतूद संपली की देयके थांबतात. दोन्ही पद्धती चांगल्या चालू शकतात आणि दोन्ही वाईट चालताना मी पाहिल्या आहेत. फरक पडतो तो तपासणीच्या दर्जाने आणि पैसे वेळेवर देण्याने.

थोडक्यात, हप्ता सर्वांकडून घेणे न्याय्य वाटले तरी इथे वसूल होण्याजोगे नाही. करांतून देणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. आणि करदात्याने सरकारला विचारायचे ते एवढेच की पॅकेजचे दर खरे आहेत का, देयके किती दिवसांत मिळतात आणि गोळ्या-औषधांचे काय.

राहिला तुमच्या पॉलिसीचा प्रश्न. ती बंद करू नका. योजना यादीतल्या उपचारांसाठी (विस्ताराच्या वेळी ती यादी १,३५६ उपचारांची होती), अंगीकृत रुग्णालयात आणि सर्वसाधारण कक्षात चालते. तुमचा आजार किंवा तुमचे रुग्णालय त्यात असेलच असे नाही. शिवाय आज पॉलिसी सोडून पन्नाशीत परत घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार कंपनीला असतोच. घरात आई-वडिलांपैकी कोणी सत्तर वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर मात्र आयुष्मान भारतमधले त्यांचे ज्येष्ठांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड आधारच्या पडताळणीने लगेच काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न लावता मिळते आणि खाजगी पॉलिसी असली तरी चालते. केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेसारखी दुसरी शासकीय सुविधा ते घेत असतील तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागेल, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तेवढे पाहून घ्या.